दुबार अक्षरं

आईच्या कॉम्प्युटरवर सॉफ्टवेअरची एकशे त्रेसष्ट पॅकेजं अपग्रेडसाठी ताटकळत होती. त्यांतली एकशे बासष्ट मुकाट्याने बसली. कीबोर्डचं तेवढं अडलं. पडद्यावर प्रश्न आला: सेटिंगची ही फाइल तुम्ही किंवा आणखी कुणीतरी बदललेली आहे. आहे तीच ठेवू, की नवी घालू?

आणखी कुणीतरी म्हणजे बाबा. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली होती.

लेकीने दोन्ही फायली शेजारी शेजारी उघडल्या. फरक एकाच ओळीचा होता. तीच कळ लगोलग पुन्हा दाबली गेली, तर किती वेळ दुर्लक्ष करायचं, तो आकडा. नव्या फाइलीत शून्य, बाबांच्या फाइलीत एकशे ऐंशी मिलिसेकंद.

तो कसा ठरला, हे तिने शाळेत असताना पाहिलं होतं. आईची बोटं थरथरू लागली आणि अक्षरं दोनदोनदा उमटू लागली. आई छापखान्याची मुद्रितशोधक; लोकांच्या चुका काढण्यात तिची हयात गेलेली, आणि आता तीच निरोप पाठवायची, ‘जेववण झाकून ठेवलंय.’ बाबांना आयतंच फावलं. "जेववण वाढा हो, भूकक लागली!" अशी हाक स्वयंपाकघरात जायची आणि तिकडून ओल्या हाताचे शिंतोडे यायचे. पण रोज संध्याकाळी ते आईशेजारी बसून आकडा दहादहाने वाढवत, आणि ती तोच परिच्छेद पुन्हा टाइप करी. एकशे ऐंशीवर अक्षरं ताळ्यावर आली. त्या दिवशी घरात नुसतं जेवण झालं. कुणालाच ते तितकंसं गोड लागलं नाही.

"आई, बाबांचीच फाइल ठेवते गं."

"ठेव की. विचारतेस काय?"

तिने ठेवली. "आता एक परिच्छेद टाइप करून दाखव."

"कशाला? चालतंय सगळं."

"एकच."

"मोजपट्टी ती मोजपट्टीच! तुझं नाव त्यांनी अगदी बरोबर पाडलं होतं."

समोर छापखान्याकडून आलेल्या मुलांच्या पुस्तकाचं पान होतं. आईने शंभर शब्द टाइप केले. लेकीने दुबार अक्षरं मोजली: एकतीस.

"अरे देवा, अपग्रेडने बिघडवलं!"

"त्या बिचाऱ्याला बोल लावू नकोस. दोन वर्षं असंच आहे."

"आणि तू गप्प बसलीस?"

"बोलले असते तर तू आकडा बदलला असतास." आईने हात मांडीवर घेतले. "निम्मा दिवस माझ्याच चुका पुसण्यात जातो. छापखान्याचे मालक सज्जन आहेत, पण तेही किती थांबणार? पुढचं पुस्तक दुसऱ्या कुणाला देतो म्हणाले."

"मग?"

"मग काय? काम गेलं तर मी दिवसभर करू काय, भिंतीशी बोलू?"

लेकीने त्या ओळीवर बोट ठेवलं. "बाबांनी आकडा तुझ्या बोटांवरून काढला होता, आई. बोटं तेव्हाची राहिली नाहीत."

"ते असते तर काय केलं असतं?"

"दहाने वाढवला असता."

"आणि वर मला चिडवलं असतं." आईने खुर्ची जराशी सरकवली. "डावीकडे बस. ते डावीकडे बसायचे."

लेकीने जुन्या फाइलीची प्रत बाजूला ठेवली आणि एकशे नव्वद लिहिलं. अठ्ठावीस चुका. दोनशेवर चोवीस. आई तोच परिच्छेद पुन्हा पुन्हा टाइप करत होती, मधेच बोटं चोळत होती. थांबू या का म्हटलं की डोळे वटारत होती. दोनशे ऐंशीवर एकही अक्षर दुबार आलं नाही, पण ‘ससा’मधला एक स गायब झाला.

"सा उरला नुसता," आई म्हणाली. "ससा पळाला!"

दोघी हसल्या. लेकीने आकडा दहाने खाली आणला. आईने पुन्हा सुरुवात केली.

दोनशे सत्तर मिलिसेकंद: शंभर शब्दांत दुबार अक्षरं दोन, गिळलेलं एकही नाही.