पान एकतीसवरची ओळ

मित्रांनो, पुस्तक उघडले की तुम्ही मला झरकन उलटून पुढे जाता, हे मला ठाऊक आहे. त्याचा राग नाही. मी अनुक्रमणिका आहे. आता जुनी झाले. एका पादचारी पुलाच्या तपासणी अहवालात, पहिल्याच पानावर माझा मुक्काम आहे. उंची जेमतेम पानभर, पण एका दुपारी माझ्यामुळे सगळ्या कचेरीची पाचावर धारण बसली होती.

मला कुणी हाताने लिहिले नाही. संगणकावर ज्या ओळीला ‘शीर्षक’ असा शिक्का मिळतो, तेवढीच ओळ मी उचलते आणि तिच्यापुढे पानाचा आकडा मांडते. ओळ कामाची की फालतू, हे मला कळत नाही. शिक्का नसलेली ओळ कितीही ठळक करा, मी तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाही.

अहवाल लिहिणाऱ्या अभियंता बाईंना एक खोड होती. काही विसरायला नको असले की त्या मजकुराच्या मधेच ओळ लिहीत आणि तिला शीर्षकाचा शिक्का देऊन टाकत. अक्षरे मोठी आणि निळी होतात, डोळ्यांत भरतात, एवढाच त्यांचा हिशेब. पुढे त्यांची आई आजारी पडली, त्या दहा दिवस रजेवर गेल्या, आणि परत कामावर आल्या तरी त्या निळ्या ओळी आत तशाच राहिल्या.

पूल दोन महिने बंद होता. अलीकडे वस्ती, पलीकडे शाळा. मुलांना तासाभराचा वळसा पडत होता आणि लोक वैतागले होते. अहवालावर मोठ्या साहेबांची सही झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी पूल उघडणार होता. टंकलेखक काकांना तर सगळ्यांपेक्षा घाई होती, कारण त्यांची नात त्याच शाळेत जात होती.

काकांची हयात टंकयंत्रावर गेलेली. नीटनेटकेपणात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. त्यांनी मला पाहिले आणि कपाळाला हात लावला.

“बाई, ही अनुक्रमणिका आहे की किराण्याची यादी? ‘इथे फोटो लावणे’, ‘साहेबांना फोन’, ‘तिसरा खांब : तडा पुन्हा मोजणे’! साहेब काय म्हणतील?”

“काढून टाका ना काका,” बाई फोनवर बोलता बोलता म्हणाल्या.

काकांनी माझ्यातल्या तिन्ही ओळी पुसल्या. आतल्या पानांकडे ते वळलेच नाहीत. ती बाईंनी वाचली असतील असे काकांना वाटले, आणि काकांनी वाचली असतील असे बाईंना. मी मात्र इतकी देखणी दिसू लागले की बाई म्हणाल्या, “काका, तुमच्या हाताला तोड नाही!” आयुष्यात माझे एवढे कौतुक कधी झाले नव्हते, आणि मित्रांनो, नेमकी तेव्हाच मी खोटी होते. मला त्याची फार धास्ती वाटत होती.

चार वाजता छपाई सुरू झाली. छापण्याआधी मला आपोआप ताजे करण्याची सोय त्या संगणकावर होती. मी पुन्हा सगळी पाने चाळली, शिक्के पाहिले आणि तिन्ही ओळी जागच्या जागी आणून ठेवल्या.

“हे भूत परत कुठून आलं?” काका ओरडले. त्यांनी पुन्हा पुसले, पुन्हा छापले. ओळी पुन्हा हजर. तिसऱ्यांदाही तेच. पावणेपाचला शिपाई निरोप घेऊन आला, “साहेब पेन उघडून बसलेत.”

काकांना घाम फुटला. त्यांनी खणातून व्हाइटनरची बाटली काढली. पहिली ओळ पांढरी झाली. दुसरी झाली. ब्रश तिसरीवर आला. मला ओरडता येत असते तर मी किंचाळले असते!

“द्या काका, उशीर होतोय,” म्हणत बाईंनी कागद ओढला आणि त्यांची नजर उरलेल्या ओळीवर पडली. त्यांचा चेहरा उतरला.

“काका, हे पुन्हा मोजलं का कुणी?”

काकांनी ब्रश बाटलीत परत घातला.

बाईंनी थेट साहेबांची खोली गाठली. “उद्या पूल उघडायचा आणि आज तुम्ही मोजायला निघालात?” साहेब कडाडले.

“आजच मोजायला हवं, साहेब. उद्या मोजून काय करू?”

पूल हाकेच्या अंतरावर होता. बाई परतल्या तेव्हा सगळे उभेच होते. दोन मिलिमीटरचा तडा नऊ मिलिमीटर झाला होता. साहेबांनी पेन मिटून खिशात ठेवले.

पूल आणखी चार महिने बंद राहिला. लोकांनी बाईंना नाही नाही ते सुनावले. काकांनी मात्र दुसऱ्याच दिवशी माझी रीत शिकून घेतली. पहिल्या दोन टिपणांच्या पानांवर जाऊन त्यांनी ती काढली. पान एकतीसवर ‘तिसऱ्या खांबातील तडा’ असे खरे शीर्षक दिले, आणि मग मला ताजे केले.

आता मी कपाटात धूळ खात पडले आहे. मला कुणी उघडत नाही. एकच मागणे आहे, मित्रांनो. माझ्यात नको असलेली ओळ दिसली तर मला खरवडू नका. मी सांगते त्या पानावर जा आणि तिथे काय लिहिले आहे ते वाचा. त्या दिवशी ब्रश आणखी एक ओळ पुढे सरकला असता, तर सकाळी दप्तर पाठीला लावून पुलावर सगळ्यांत आधी काकांची नात धावली असती.