नव्याण्णव मेंढरं कुठं ठेवली

मी बायबल बोलतोय, महाळुंगे पडवळच्या सरूबाईच्या घरचं. एरवी माझ्या तोंडून दुसऱ्याचंच बोलणं निघतं. स्वतःचं सांगायची मला सवय नाही, म्हणून जरा सावकाश सांगतो.

माझा जन्म दूर दक्षिणेतल्या एका छापखान्यात झाला. पातळ कागद, काळं कव्हर, कडांना लाल रंग. तिथून रेल्वेनं पुण्याला आणि पुण्याहून एसटीच्या टपावरून जुन्नरला आलो. जुन्नरच्या चर्चच्या पाळकांच्या कपाटात दोन वर्षं बसून होतो. मग सोपान आणि सरूबाईचं लग्न ठरलं. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, एक रीत आहे. लग्नात पाहुणे भांडी देतात, साड्या देतात, पण शास्त्र, म्हणजे बायबल, मंडळीकडूनच द्यायचं आणि पाळकांनी ते नवरानवरीच्या चार हातांवर ठेवायचं. तसा मी त्या चार हातांवर आलो. चारही हात कामाचे होते, कांदा काढणारे, ऊस तोडणारे.

घरच्या प्रार्थनेचीही एक रीत आहे. दिवेलागणीला सगळ्यांनी बसायचं, घरधन्यानं शास्त्र वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. सरूबाई शाळेची पायरी चढली नव्हती. सोपान दुसरीपर्यंत गेला होता, तोही गुरं नसतील त्या दिवशी. पहिल्या संध्याकाळी त्यानं मला उघडलं आणि एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचायला लागला. एका ओळीला इतका वेळ गेला की चुलीवरची भाजी करपली. दुसऱ्या दिवशी दोन ओळी झाल्या. तिसऱ्या दिवशी सरूबाईला बसल्या बसल्या डुलकी लागली. सोपाननं ते पाहिलं. तो रागावला नाही, पण त्याचे कान लाल झाले.

चौथ्या दिवशी त्यानं मला उघडलं, समोर धरलं आणि घडाघडा बोलू लागला. सरूबाई टक्क जागी राहून ऐकत होती. हरवलेल्या मेंढराची गोष्ट चालली होती. मी मात्र उघडलेला होतो इस्राएलाच्या वंशांची मोजदाद लिहिली आहे तिथं. तिथं मेंढरू नाही, मेंढपाळही नाही.

त्याचा लबाडीचा हेतू नव्हता, हे मी शपथेवर सांगेन. लहानपणापासून त्यानं पाळकांची प्रवचनं कान देऊन ऐकली होती आणि त्याच्या डोक्यात सगळं होतं. फक्त बायकोसमोर अडखळायची त्याला लाज वाटत होती. त्या दिवसापासून चाळीस वर्षं तो मला समोर धरून पाठ असलेलंच बोलला. पानं मात्र नेमानं उलटायचा.

एका हिवाळ्यात शेजारच्या रानात धनगरांची मेंढरं बसली होती. त्या संध्याकाळी सोपान पुन्हा तीच गोष्ट सांगत होता. शंभरातलं एक हरवलं, मेंढपाळ नव्याण्णव सोडून त्याच्या मागं गेला. सरूबाईनं हात वर केला.

"अन् त्या नव्याण्णवांचं काय?"

"काय म्हंजे?"

"अवो, आपल्याकडं उसात बिबट्या हाय. एकाच्या मागं गेला अन् हिकडं दहा नेली तर?"

 याचं उत्तर सोपानला कुठल्या पाळकांनी सांगितलं नव्हतं. त्यानं खिडकीतून बाहेर पाहिलं. धनगर मेंढरांभोवती वाघूर लावत होते. वाघूर म्हणजे खुंट्यांना बांधलेली जाळी, तिच्या आत कळप सुरक्षित राहतो.

"वाघुरीत घातली की," सोपान म्हणाला. "आधी वाघूर लावली, कुत्रं बसवलं, मंग गेला."

"हां, मंग बराबर हाय," सरूबाई म्हणाली, आणि तिचा जीव भांड्यात पडला.

अशी माझ्यात नसलेली वाघूर माझ्या नावावर लागली. पुढं आणखी काही आलं. बापाकडून वाटणी घेऊन ती उडवून परत येणाऱ्या उधळ्या मुलाच्या गोष्टीत सोपाननं एक आई आणली. ती रोज त्या मुलाच्या वाटणीची भाकरी टोपलीत झाकून ठेवायची. सरूबाई तिथं दर वेळी डोळ्यांना पदर लावायची. मंडळीच्या पत्र्याच्या खोलीत रविवारी मुलांना गोष्टी सांगायचं काम तिच्याकडं आलं, आणि तीस वर्षांत कितीतरी मुलं ती वाघूर आणि ती आई घेऊन मोठी झाली.

मी सगळं ऐकत होतो. माझ्यावर धूळ नव्हती, रोज मला कपाळाला लावलं जायचं. पण डोळ्यांनी मला कोणी वाचत नव्हतं. पुस्तकाला यात काय वाटतं, ते माणसाला सांगून कळेल की नाही, ठाऊक नाही. आपल्या नावानं कोणी चांगलंच बोलत असलं, तरी आपल्याला एकदा विचारावं, असं वाटतं.

सोपान गेला त्याला तीन वर्षं झाली. त्यानंतर मी कपड्यात गुंडाळलेला राहिलो. सरूबाई रोज मला पुढ्यात ठेवून ऐकलेलं आठवायची आणि प्रार्थना करायची. तिचं ठीक चाललं होतं.

मग जुन्नरला नवे पाळक आले. सूरज त्यांचं नाव, वय तिशीचं, महिन्यातून दोनदा मोटरसायकलवर महाळुंग्याला येणार. मनाचे चांगले. एका रविवारी ते उपासनेत ठासून म्हणाले, "जो स्वतः शास्त्र वाचत नाही, त्याचा विश्वास उसना. दुसऱ्याच्या डोळ्यांनी कोणी स्वर्ग पाहत नाही."

खोलीत नऊ घरांची माणसं होती. त्यातल्या निम्म्या बायकांना सहीपुरतंही लिहिता येत नव्हतं. बाहेर आल्यावर शेजारची साळुबाई म्हणाली, "सरे, सरगाच्या गाडीचं आपलं तिकीट गेलं बघ. पाळकसायेबांनी निम्मी गाडी रिकामी केली."

साळुबाई हसली. सरूबाई हसली नाही. घरी येऊन तिनं नातीला बोलावलं. तेजस्विनी मंचरच्या कॉलेजात बारावीला आहे.

"ह्ये घे अन् मला वाचून दाव. मेंढराचं काढ."

कितीतरी वर्षांनी माझ्या अक्षरांवरून कोणाची नजर नीट फिरली. मला बरं वाटलं आणि भीतीही वाटली. तेजस्विनीनं लूकच्या शुभवर्तमानातलं पान काढलं आणि वाचलं. सरूबाईनं ऐकता ऐकता तिला थांबवलं.

"वाघूर राह्यली."

"कसली वाघूर, आज्जी?"

"नव्याण्णव कुठं ठेवली?"

"रानात. रानात सोडली, असंच आहे."

"पान चुकली असशील तू. आधीचं वाच."

तेजस्विनीनं आधीचं वाचलं, नंतरचं वाचलं. मग म्हणाली, "मत्तयातही आहे ही गोष्ट, थांब." तिनं तेही काढलं. "इथं डोंगरावर सोडली म्हणतंय."

"डोंगरावर? त्ये तर आनखीनच वंगाळ."

तेजस्विनीला हसू आलं. सरूबाई म्हणाली, "आता उधळ्याचं काढ." ती गोष्ट शेवटपर्यंत वाचून झाली. बाप होता, दोन मुलगे होते, चाकर होते, वासरू होतं.

"आई?"

"आई नाहीये यात, आज्जी."

"भाकरी झाकून ठेवती ती?"

"नाही ना. कुठंच नाही."

सरूबाईनं मला हळूच मिटलं आणि कपड्यात गुंडाळलं. 

पुढचा रविवार महिन्याचा पहिला होता, प्रभुभोजनाचा. येशूच्या आठवणीची भाकर आणि प्याला पुढं मेजावर ठेवला होता, एकेकजण जाऊन घेत होता. सरूबाई मागं भिंतीला टेकून बसून राहिली, पुढं गेलीच नाही. लग्नापासून असं कधी झालं नव्हतं. मुलांनाही तिनं गोष्ट सांगितली नाही. साळुबाईनं कोपरानं ढोसलं, तर म्हणाली, "पाळकसायेब बरूबर बोललं. माझा इस्वास आमच्या ह्येंच्या तोंडचा व्हता. शास्त्राचा न्हाई. त्या मेजाला मी कोणत्या तोंडानं जाऊ?"

दोन दिवसांनी पाळक घरी आले.

"सलाम, मावशी. तब्येत बरी आहे ना?"

"सलाम. तब्येतीला काय धाड भरलीय. बसा."

चहा झाला. सरूबाईनं काही लपवलं नाही. वाघूर सांगितली, कुत्रं सांगितलं, भाकरी झाकणारी आई सांगितली. मी पाळकांच्या चेहऱ्याकडं बघत होतो. आधी ते हसू दाबत होते, मग ते हसू गेलं.

"मावशी, नव्याण्णवांचं काय, हे तुम्ही विचारलंत?"

"मी न्हाई तर कोन? ह्येंना कुठं बिबट्याचं भ्या."

"मी तीन वर्षं शास्त्र शिकलो. दोन भाषांत वाचलं. मला हा प्रश्न कधी पडला नाही."

"तुमी जुन्नरात ऱ्हाता. आमी उसात."

पाळक खाली बघत म्हणाले, "त्या रविवारी मी जरा जोरात बोललो."

"न्हाई न्हाई. तुमी बोललासा म्हून तर मी ह्ये पुस्तक उघडाया लावलं." सरूबाईनं कप बाजूला सारला. मग हळू म्हणाली, "दोन दिस मी त्याच इचारात हाय. वाघूर न्हवती, म्हंजे त्यो उघड्यावर टाकून गेला. एका मेंढरापायी नव्याण्णवांची जोखीम घेतली. आमच्या म्हाताऱ्याला ती जोखीम झेपली न्हाई, म्हून त्यानं जाळी लावली. माझ्यासाठी लावली, मी भ्याले म्हून. पर खरी गोष्ट मोठी हाय, पाळकसायेब. लई मोठी. मला ती आत्ता कळली."

पाळकांनी यावर प्रवचन दिलं नाही. मला ते आवडलं.

"मग मेजावर याल ना?"

"यीन. पर आधी पोरांचं निस्तरते."

पुढच्या महिन्यात, प्रभुभोजनाच्या आधी, सरूबाई मुलांसमोर बसली. मागं मोठी माणसंही होती, तिच्याकडूनच गोष्टी ऐकून वाढलेली. ती म्हणाली, "मी तुमास्नी वाघूर सांगितली, ती पुस्तकात न्हाई. आमच्या म्हाताऱ्यानं लावलेली. अन् ती भाकरीवाली आई बी त्याचीच. ती मी मनात ठेवनार हाय, मला आवडती. पर तुमी पुस्तकात काय हाय त्ये बघा अन् मला सांगा. माझं काय चुकलं तर मला थांबवा."

साळुबाई मागून म्हणाली, "तीस वर्सांनी सांगतीस व्हय गं. माझ्या लेकानं ती वाघूर चाकणपातुर नेली."

सगळे हसले, सरूबाईही हसली. मग ती उठून पुढं गेली आणि तिनं भाकर घेतली.

आता माझं मत विचाराल, तर मी ठाम आहे. अक्षर येत नाही म्हणून कोणाचा विश्वास खोटा ठरत नाही. माझ्या शेवटच्या भागातली पत्रं ज्यांना लिहिली, त्यांतल्या कितीकांना वाचता येत नव्हतं. एकजण उभा राहून वाचायचा, बाकीचे ऐकायचे, आणि त्या ऐकणाऱ्यांतूनच मंडळ्या उभ्या राहिल्या. पण ऐकणाऱ्याच्या कानाशी खरंच जे लिहिलंय ते पोचलं पाहिजे. मला कपाळाला लावून कोणी माझ्या आत शिरत नाही. ज्याला वाचता येतं आणि तरी जो मला मिटून ठेवतो, त्याला सरूबाईच्या मागं लपायला जागा नाही.

म्हणून एवढीच विनंती. वाचता येत असेल तर स्वतः वाचा. येत नसेल तर लाजू नका, वाचणारं माणूस शेजारी बसवा आणि मधेच थांबवून विचारा. कोणी थांबवून विचारलं की मला बरं वाटतं. आणि वाचून दाखवणाऱ्यानं अडखळायला लाजू नये. अडखळत वाचलेली एक ओळसुद्धा मला पुरते.

माझा कणा आता सुटलाय, त्याला चिकटपट्टी लावलीय. आम्ही पहिल्या पानापासून सुरुवात केलीय. तेजस्विनी अक्षरांखाली बोट धरते, सरूबाईचं बोट तिच्या बोटामागून चालतं. कधी दिवसाला दहा ओळी होतात, कधी दोनच, कारण "थांब, हे कसं काय?" असं सरूबाई विचारते आणि तेजस्विनीला उत्तर येत नाही. मग दोघी पुढं वाचून बघतात.

आता बोलणं पुरे करतो. मंचरची एसटी गेल्याचा आवाज आला, दारात तेजस्विनीच्या चपला निघाल्या. सरूबाईनं मला मांडीवर घेऊन उघडलंय.