दट्ट्यातला आत्मा

समोरच्या वखारीत लाकूड फोडायला एवढी गर्दी कधीच झाली नव्हती. वखारवाला जिवंत होता तेव्हा लोक सरपण मागवायचे आणि उशिरा आलं म्हणून कुरकुरायचे. तो गेला, आणि तेच लोक चपला बाहेर काढून आत बसू लागले.

कारण तो परत आला होता. यंत्रात.

यंत्र कसलं, गुडघ्याएवढ्या उंचीचं, विजेवर चालणारं. ओंडका आडवा ठेवायचा. दट्ट्या त्याला मागून ढकलत पाचरीवर नेतो आणि ओंडका दुभंगतो. ते चालवायला दोन्ही हात लागतात. एकानं खटका दाबून धरायचा, दुसऱ्यानं दांडा. हा भुर्दंड वखारवाल्याला कधी पटला नाही. ओंडका धरायला तिसरा हात देवानं दिलेला नाही, असं तो म्हणे. मग त्यानं खटक्यात लाकडाची ढलपी खुपसली, दांडा सायकलच्या ट्यूबच्या पट्टीनं बांधून घेतला, आणि हात मोकळे केले. एक दिवस ओंडका तिरका झाला. सरळ करायला त्यानं हात घातला. दट्ट्या थांबला नाही. सोडून थांबवायला कुणी काही धरलेलंच नव्हतं. हात गेला, हातामागून रक्त गेलं, आणि दवाखान्याच्या दारात माणूस.

पुढे एक महाराज आले. अंगावर शाल, मागे एक दणकट चेला.

"मेन स्विच बंद करा! आत्म्याला वीज लागत नाही," महाराज गर्जले. चेल्यानं बाहेर जाऊन स्विच बंद केला आणि आज्ञाधारकपणे तिथेच उभा राहिला. खोलीतला बल्ब आधीच काढलेला. आत्म्याचे डोळे दुखतात म्हणे. यंत्राच्या दांड्यावर भगवी चादर. महाराजांनी हाक मारली, "ये बाबा, तुझं काम अर्धं राहिलंय!" आणि खरंच, घरघर होऊन दट्ट्या सरकला. ओंडका कडकन फुटला.

"बघा, मेल्यावरही कामचुकारपणा नाही," शेजारचा शिंपी डोळे पुसत म्हणाला. माझे कपडे तो गेल्या पावसाळ्यापासून शिवतोय, म्हणून मीही डोळे पुसले.

इथपर्यंत मला गंमत वाटत होती. मग महाराज वखारवाल्याच्या बायकोकडे वळले. "माई, उद्या ओंडक्यावर हात ठेवायचा. तो तुझ्या हाताला हात लावील आणि सुटेल."

वहिनींनी मान डोलावली. इतक्या सहज, की मी तिथून उठलोच.

मी त्यांच्या मुलीला फोन केला. ती परगावी शाळेत विज्ञान शिकवते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती आली, ती टेबलावरचा दिवा आणि बापाचा चामड्याचा हातमोजा घेऊनच. यंत्राची पिन होती त्याच बोर्डात तिनं दिव्याची पिन खोचली.

"दिवा नको!" महाराज ओरडले.

"लावत कुठे आहे? मेन बंद आहे ना? मग पेटेल कसा?"

महाराजांनी गर्दीकडे पाहिलं. गर्दीला प्रश्न वाजवी वाटला.

"आणि आईच्या आधी हा मोजा. अप्पांचा आहे, ते ओळखतील." तिनं आत चिंध्या कोंबल्या आणि मोजा पाचरीपाशी ठेवला.

महाराजांनी हाक दिली, पण आज आवाज जरा खाली होता. बाहेरच्या चेल्याला दिव्याचं बोलणं ऐकू गेलं नसावं; हाक तेवढी गेली. घरघर झाली आणि त्याच क्षणी दिवा लख्ख पेटला. त्या उजेडात सगळ्यांनी पाहिलं: दट्ट्यानं मोजा पाचरीवर दाबला आणि बोटं फाडली.

मुलीनं बोर्डाचं बटण बंद करून चादर ओढली. खाली तीच पट्टी, तीच ढलपी.

"सगळं चालू ठेवून बांधायचं आणि बाहेरून वीज सोडायची. अप्पा दिव्यातही शिरले का, महाराज?"

महाराज बराच वेळ शाल सारखी करत राहिले. ती सारखी झाली तेव्हा ते दाराबाहेर होते. चेला आधीच गेला होता.

लोकही गेले. वहिनी फाटका मोजा मांडीवर घेऊन बसल्या.

"आई, पट्टीचं त्याला कुणी सांगितलं?"

"मीच." त्या मोज्याची फाटलेली बोटं जुळवत राहिल्या. "बांधली पण मीच होती गं. तुझ्या अप्पांचा खांदा दुखायचा. म्हणाले, आवळून बांध. मी आवळून बांधली. हे मी महाराजांपाशी रडले. ते म्हणाले, तुझा दोष नाही, फोडलेल्या झाडाच्या आत्म्यानं त्यांना नेलं."

"आणि हात ठेवून तू..."

"मला वाटलं, माझाही जाऊ दे."

मुलगी आईजवळ जमिनीवर बसली. "तुझा दोष नाही, हे खरंच आहे, आई. पण तेवढं सांगायला भूत कशाला लागतं?"

मी उठून घरी आलो. माझी तिथे गरज नव्हती.

आता यंत्र चौथऱ्यावर आहे, कमरेच्या उंचीला. ओंडका धरायला लागू नये म्हणून दोन्ही बाजूंना लोखंडी कडा बसवल्यात. वायरमननं असा स्विच लावलाय, की वीज जाऊन आली तरी यंत्र आपणहून सुरू होत नाही. खटका आणि दांडा मोकळे आहेत. लाकूड अडकलं, तर आधी पिन काढायची, मग हात लावायचा.

उद्या तुमच्या दारी कुणी आत्मा घेऊन आला, तर भांडू नका. त्याच बोर्डात एक दिवा खोचा आणि बघत बसा. आणि घरात कुणी शोकात असेल, तर महाराजांच्या आधी तुम्ही जा. आम्ही सगळे समोरच राहत होतो. वहिनींचं ऐकायला मात्र तो परका आला.

परवा वहिनींनी पहिला ओंडका लावला. एक हात खटक्यावर, एक दांड्यावर, दट्ट्या पुढे सरकत होता. मध्येच डोळे भरून आले आणि त्यांनी पुसायला हात काढला.

यंत्र थांबलं.

त्या त्याच्याकडे पाहत राहिल्या. हात सोडला की थांबायचं, एवढंच ते पहिल्या दिवसापासून शिकून आलं होतं.