खंडेरावांची आणीबाणीची पेटी

खंडेराव स्टोअरकीपरांची ओळख करून द्यायची तर सुरुवात त्यांच्या पेटीपासून करायला हवी. त्यांच्या लेखी महत्त्वाचा क्रम तसाच होता. आधी पेटी, मग फटफटी, मग जमलं तर माणसं.

सदुसष्ट साल होतं. तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम जोरात चाललं होतं आणि तिथल्या पत्र्याच्या दवाखान्यात मी नर्स होते. खंडेराव साताऱ्याकडचे, मी नगरची; त्यामुळे आपण एकाच गावचे असल्यासारखे ते मला हक्काने उपदेश करत. आदल्या पावसाळ्यात त्यांची फटफटी बॅटरी उतरल्यामुळे मनोर रस्त्याला बंद पडली होती. कुंभवलीपर्यंत चार मैल ढकलत आणावी लागली, आणि वाटेत ज्याने त्याने विचारलं, "सायेब, गाडीला फिरवाया नेलेली का?" तो अपमान त्यांनी मनाला लावून घेतला. त्यातून पेटी जन्मली.

लोखंडी पेटी, गाडीच्या मागच्या कॅरियरवर पक्की बांधलेली. आत नवी कोरी बॅटरी, डिस्टिल्ड वॉटरची बाटली, वायरचं भेंडोळं, पाने, ग्रीसचा डबा आणि एक हायड्रोमीटर. म्हणजे खाली बारीक रबरी नळी, मधे काच आणि वर रबरी फुगा. फुगा दाबून सोडला की बॅटरीतलं ॲसिड वर ओढलं जातं आणि त्यातला दम कळतो. प्रत्येक वस्तू खाकी कागदात गुंडाळून, सुतळी बांधून, वर लाखेचं सील. कारण सील फोडलं की वस्तू 'वापरलेली' होते, आणि वापरलेल्या वस्तूइतकं दुःख स्टोअरकीपरला दुसऱ्या कशाचं नसतं. दसऱ्याला त्यांनी पेटीची साग्रसंगीत पूजा केली. नारळ पेटीपुढे फुटला. फटफटीच्या वाट्याला झेंडूचं एक फूल आलं.

दिवाळी होऊन आठ-दहा दिवस झाले असतील. सकाळी नऊच्या सुमाराला जिवल्या दवाखान्याच्या दारात येऊन उभा राहिला. हा आमच्याकडे मातीकामाला यायचा. पहाटे पाड्यावरून निघून डोंगरवाटेने चालत आला होता.

"बाय, पारूला कालधरना तरास हाय," तो म्हणाला. "पोर नाय येत."

पारू त्याची बायको. पहिलंच बाळंतपण. पाड्यावर तिच्याजवळ फक्त तिची सासू ठमी. डॉक्टर पालघरला गेलेले, जीप त्यांच्याबरोबर. मी पिशवी भरली. भरताना बाळाच्या घशातला चिकटा ओढायचा रबरी फुगा हातात आला. तो उन्हाने चिरला होता. नव्यासाठी मी श्रावणातच स्टोअरला चिठ्ठी पाठवली होती. उत्तर आलं होतं, "आल्यावर कळवू." अडून राहिलेलं मूल जन्मतं ते बहुतेक घसा भरूनच, आणि तो मोकळा करायला माझ्याजवळ काही नव्हतं. पण निघायला तर हवंच होतं.

फटफटी फक्त खंडेरावांकडे होती. एका शब्दात तयार झाले. तेवढं श्रेय त्यांना द्यायला हवं.

"जिवल्यालाही घ्या मागे," मी म्हणाले. "पेटी इथं ठेवा, मग तिघं मावतो."

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी जणू गाडीचं चाक ठेवून जा म्हणाले होते. "सिस्टर, आडरानात बॅटरी गेली तर?"

मी पिशवी सांभाळत मागे बसले. जिवल्या वळला. आल्या वाटेने डोंगराकडे परत चालू लागला. ज्याची बायको अडली होती तो पायी, आणि पेटी फटफटीवर.

बोईसरचं फाटक ओलांडून आम्ही पूर्वेला लागलो. भर उन्हात खंडेरावांनी दिवा लावून ठेवला होता, समोरच्याला दिसावं म्हणून. समोर होत्या त्या गवताच्या गाड्या, आणि त्यांच्या बैलांना आम्ही एक मैलावरूनच ऐकू जात होतो, कारण प्रत्येक वळणाला हॉर्न. आठ मैल झाले आणि हॉर्नचा आवाज म्हाताऱ्याच्या खोकल्यासारखा झाला. मग दिवा गेला. मग गाडी.

खंडेरावांचा चेहरा मात्र उजळला. खोटं कशाला सांगू, वर्षभर ते याच क्षणाची वाट पाहत होते. त्यांनी रस्त्याच्या कडेला टॉवेल अंथरला, पेटी उतरवली आणि एकेक पुडकं मांडलं. आधी गाडीतली बॅटरी उघडली. आतलं पाणी कधीच आटलं होतं.

"यात पाणी कधी घातलं होतंत?"

"बाटलीचं सील फोडायचं नव्हतं ना," ते म्हणाले. "ती आणीबाणीसाठी आहे."

आता आणीबाणी आली होती, तेव्हा सील फुटलं, पाणी पडलं आणि काहीही झालं नाही. मग नवी बॅटरी निघाली. बसवली. दहा लाथा मारून झाल्या. चढावरून ढकलून झालं, उतारावरून ढकलून झालं. ढकलायला अर्थात मीही. सगळं मिळून दीड तास गेला. शेवटी त्यांनी नव्या बॅटरीचं एक बूच काढून आत पाहिलं.

"कोरी आहे," ते म्हणाले.

"नवी आहे हे माहीत आहे मला."

"तसं नाही. ॲसिडच भरलेलं नाही. ॲसिड भरलं की बॅटरी वापरलेली होते, म्हणून मी…"

वर्षभर त्या माणसाने रिकामं डबडं मागे बांधून हिंडवलं होतं. दसऱ्याला नारळ त्याच्यापुढेच फोडला होता. मला हसू यायला हवं होतं. पण तिकडे पारू अडलेली होती, आणि मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं.

तेवढ्यात डोंगरवाट जिथे रस्त्याला मिळते तिथून जिवल्या खाली उतरला. घामाने निथळत होता. त्याने टॉवेलावरचा बाजार पाहिला, मग माझ्याकडे.

"बाय, चाल," तो म्हणाला. "आता थोडाच हाय."

सकाळीच त्याच्याबरोबर चालत निघाले असते तरी आत्ता याच जागी असते. मी पिशवी उचलली. आणि तेव्हा टॉवेलावरचं ते एक न फोडलेलं, टोकाला फुग्यासारखं फुगलेलं पुडकं दिसलं.

"हायड्रोमीटर कधी वापरलात?"

"एकदाही नाही," खंडेराव अभिमानाने म्हणाले. "एकदम कोरा आहे."

मी सील दाताने तोडलं. ते हां हां म्हणत उठेपर्यंत काच काढून त्यांच्या हातात दिली, आणि फुगा नि टोकाची नळी पिशवीत टाकली.

पाड्यावर पोहोचले तेव्हा पारूच्या अंगात ओरडायचंही त्राण उरलं नव्हतं. ठमीने चुलीवर पाणी ठेवलेलंच होतं, त्यात फुगा आणि नळी उकळायला टाकली. पुढच्या तासाबद्दल मी फार सांगणार नाही. मूल बाहेर आलं ते निळं, गप्प, गळ्याला नाळेचा वेढा घेऊन. वेढा सोडवला. फुग्याला नळी जोडून घशात घातली, ओढलं, पुन्हा ओढलं. तिसऱ्यांदा चिकट्याची गुठळी आली, आणि पोरीने असा सूर लावला की जिवल्या दारातून आत डोकावला.

त्या अख्ख्या पेटीत कामाची निघाली ती एवढी एकच वस्तू. आणि तीही एवढ्यासाठी, की तिच्या मालकाने तिच्याकडून कधी काम घेतलं नव्हतं. एकदा जरी बॅटरीतलं ॲसिड ओढलं असतं तरी मी ती बाळाच्या तोंडाजवळ नेली नसती.

ऊन उतरायला लागल्यावर खंडेराव आले. गवताच्या गाडीत फटफटी, फटफटीशेजारी पेटी, पेटीशेजारी खंडेराव. दारात घुटमळले. माझ्या हातातल्या पोरीकडे पाहिलं, थाळ्यातल्या फुग्याकडे पाहिलं.

"सिस्टर," ते शेवटी म्हणाले, "तुमच्या चिठ्ठीतला फुगा आलाय."

"कधी?"

"दोन महिने झाले. डझनाचं खोकं आहे. एकासाठी सील कसं फोडायचं, म्हणून… म्हटलं, आणखी कुणी मागितले की एकदमच…"

माझ्या तोंडात आलेले शब्द ठमीसमोर बोलण्यासारखे नव्हते. मी नुसती पुढे झाले आणि पोरगी त्यांच्या हातावर ठेवली.

"धरा," मी म्हणाले. "घाबरू नका, हिचं सील फुटलंय."