मागच्या चाकांवरचं वजन

दुपारपासून माझ्या लेकीचा, बिल्यानाचा, खोकला बदलला होता. कुत्र्याचं पिल्लू भुंकावं तसा. श्वास आत घेताना घरघर व्हायची आणि मी पुढच्या श्वासाची वाट बघत राहायचे. बर्फामुळे रुग्णवाहिका गावापर्यंत येईना. "खिंडीपलीकडे घेऊन या," दवाखान्यातले म्हणाले. नवरा जर्मनीत, सासऱ्यांच्या डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं. म्हणजे जुनी लाडा गाडी मीच चालवायची.

सासरे, स्तामेन, सवयीने पुढे बसले. आमच्याकडे घरातलं मोठं माणूस पुढेच बसतं. बिल्याना मागे, लहान मुलांच्या सीटमध्ये. शेजारी सासूबाईंनी विणलेली बकरीच्या केसांची जाड घोंगडी. सासूबाई गेल्यापासून ती गाडीतच असते.

चढाच्या पहिल्याच वळणाला गाडीचं मागचं अंग कठड्याकडे सरकलं.

"बाबा, डिकीतली वाळूची पोती?"

"काढली. डुकरांच्या खोपटाला गिलावा केला."

"मी मुद्दाम ठेवली होती ती!"

"शेजारच्या पेत्कोची गाडी जाते की वाळूशिवाय!"

"त्याची पुढची चाकं ओढतात. आपली मागची ढकलतात. मागे वजन नको?"

"शिकलेली सून! तुझा जन्म नव्हता तेव्हापासून हा रस्ता मला ओळखतो."

"आज ओळख दाखवत नाहीये."

मी अ‍ॅक्सिलरेटर दाबला. चाकं जागच्या जागी गरगरली, गाडी थांबली आणि वीतभर मागे घसरली. मी हातब्रेक ओढला. आरशात पाहिलं, तर बिल्यानाच्या ओठांच्या कडा निळसर.

"मागे बसा, बाबा."

"माझ्या गाडीत मी मागे?"

"तुम्ही शंभर किलोचे आहात. ते सगळं मला मागच्या चाकांवर हवंय."

त्यांनी तोंड उघडलं. तेवढ्यात बिल्याना पुन्हा भुंकल्यासारखी खोकली. ते उतरले. घोंगडी बाहेर ओढली, खिशातला चाकू काढला आणि ती मधोमध फाडली. एकेक तुकडा मागच्या एकेका चाकापुढे खुपसला, केसाळ बाजू वर. मग मागे येऊन नातीला खेटून बसले.

"दुसऱ्या गिअरमध्ये टाक. क्लच हळू सोड, राली. आणि काही झालं तरी वर पोचेपर्यंत थांबायचं नाही."

चाकांनी घोंगडी धरली. गाडी हिसका देऊन निघाली. मागे काहीतरी फेकलं गेल्याचा आवाज आला. मी थांबले नाही. खिंड ओलांडेपर्यंत स्टिअरिंगवरची माझी बोटं सुटी झाली नाहीत.

दवाखान्यात वाफेचा मास्क लावल्यावर हळूहळू घरघर उतरली. तरी मी तिच्या छातीवरून हात काढला नाही.

सकाळी तिला घेऊन घरी निघताना पाहिलं, तर डिकीत वाळूची दोन पोती. सासऱ्यांनी रस्त्यावरच्या कामगारांकडून मागून आणली होती. ते मागचं दार उघडून बसले.

त्या वळणावर बर्फात काळसर, केसाळ काहीतरी गोठून पडलेलं दिसलं.

"थांबू?"

"उतारावर? वेडी आहेस का? समोर बघ."

मी समोर बघितलं. आरशात मात्र ते मान वळवून मागे बघत होते, वळण दिसेनासं होईपर्यंत.