वारेला हात कुणी लावला

तिसरी शेळी गाभडली तशी गंगव्वाच्या जिवाला थारा राहिला नाही. निपाणीहून येलहंक्याच्या कडेला येऊन तिला वीस वर्षं झाली होती, पण असं कधी घडलं नव्हतं. आठवड्यात तीन शेळ्यांची करडं मेलेलीच पडली.

सकाळी जनावरांचे डॉक्टर बसवंत आले. हातमोजे घालून त्यांनी करडामागून पडलेल्या वारेचा तुकडा डबीत घेतला, डबी बर्फात ठेवली.

"अक्का, हा संसर्ग दिसतोय. कुठला ते तपासणीत कळेल. माणसालाही लागतो, पोटुशीला तर धोकाच. उघड्या हातानं कुणी शिवलं?"

"मीच," गंगव्वा म्हणाली.

खोटं होतं ते. पहिल्या शेळीची अडकलेली वार सुनेनं, शिवलीलानं काढली होती. तिला पाचवा महिना. शेडात पाठवू नकोस असं योगीराजनं आईला बजावलं होतं. पण तो व्हाइटफील्डला गाडी घेऊन गेलेला, गंगव्वाचं मनगट आखडलेलं, आणि तिनंच सुनेला हाक मारली होती.

डॉक्टर गेले. गंगव्वानं शेडात चुना टाकला, पुन्हा टाकला. चहा उकळत ठेवला नि विसरली. दर घटकेला ती सुनेच्या कपाळाला हात लावून बघे.

"काय झालंय आत्ती? आज अशा का करताय?"

"अंग दुखतंय का गं?"

"स्वल्प. सकाळपासून कणकण आहे."

मग मात्र गंगव्वानं चपला पायात घातल्या. सुनेला रिक्षात घालून दवाखान्याकडे जाताना तिनं बसवंतना फोन लावला. "डॉक्टर, मी खोटं बोलले. सुनेनं काढली वार."

"सरी, बरं झालं सांगितलंत. दवाखान्यात शेळ्यांचं आधी सांगा. नाहीतर साधा ताप समजतील."

तिनं सांगितलं, नर्सला, मग डॉक्टरीणबाईंना, मग धापा टाकत आलेल्या योगीराजला. तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

शेळ्यांच्या तपासणीत गाभ पाडणारे क्लॅमिडियाचे जंतू निघाले. शिवलीलाला औषधं लगेच सुरू झाली होती. चौथ्या दिवशी ताप उतरला, सोनोग्राफीत बाळाचे ठोके नीट निघाले. "तरी बाळंतपणापर्यंत दर पंधरा दिवसांनी या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

शिवलीलाला माहेरी पोचवून योगीराज परतला. आईशी तो आठवडाभर बोलला नाही. नवव्या दिवशी त्यानं हातमोज्यांचा खोका आणून तिच्यापुढं ठेवला आणि गाभडलेल्या शेळ्या वेगळ्या बांधायला खुंट्या ठोकू लागला.