एका खड्ड्यातल्या दोघी

मित्रांनो, डोक्यावरचा एक केस चिमटीत धरल्याची कल्पना करा. आता तो केस काचेचा आहे असं समजा, आणि इतका लांब, की एक टोक तुमच्या हातात तर दुसरं पार शहराच्या पलीकडे. धरलात? मग तुम्ही मलाच धरलंत. मी एक जुनी काचेची तार आहे.

भट्टीत वितळलेल्या काचेतून मला सुतासारखं ओढून काढलं, अंगावर जाड काळं आवरण चढवलं आणि रस्त्याखाली कमरेइतक्या खोल मातीत निजवलं. एका मोठ्या रुग्णालयाच्या लहान शाखा शहराच्या टोकांना होत्या. मुख्य इमारतीतल्या थंडगार खोलीत सर्व्हर नावाचा मोठा संगणक होता. शाखेतल्या संगणकानं विचारावं, सर्व्हरनं सांगावं, आणि ते सगळं बोलणं प्रकाश होऊन माझ्यातून धावावं. तुमची पापणी लवेपर्यंत तो प्रकाश हजारदा जाऊन येई. खरं सांगते, मला त्याचं अजून नवल वाटतं.

सोबतीला माझी जुळी बहीण होती. "एक तुटली तरी दुसरी आहे, बिनघोर राहा," असं तारा टाकून घेणारे साहेब सगळ्यांना सांगत. पहिल्या दिवशी टाळ्या पडल्या. पुढे कुणी आमची आठवणही काढली नाही.

मग एका दुपारी नळ दुरुस्त करायला रस्ता खणणारं यंत्र आलं. त्याचा एकच दात खाली उतरला आणि माझ्यात काळोख झाला. बहिणीला हाक मारली, तर तिथेही काळोख! जास्तीची खणाखणी नको म्हणून आम्हा दोघींना एकाच खड्ड्यात ठेवलं होतं ना.

नेमकं तेव्हाच जवळच्या शाखेत एका मुलाला आणलं होतं. तो भिंतीवरून डोक्यावर पडला होता. तिथल्या यंत्रानं त्याच्या डोक्याच्या आतली चित्रं काढली, पण ती वाचणारे डॉक्टर मुख्य रुग्णालयात. तेव्हाच्या फोनना कॅमेरे नव्हते, आणि असं चित्र तोंडानं सांगता येत नाही. गाडीनं पाठवावं तर दोन तास. "रक्त कुठे साचलंय ते कळल्याशिवाय मी हात कसा लावू?" शाखेतल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आणि दोन तास याच्याकडे नाहीत."

त्या मुलाची धाकटी बहीण शाखेच्या फाटकासमोरच्या आमच्या खड्ड्याच्या काठाशी येऊन उभी राहिली. घरात तिला खारू म्हणत. खाली भिंगकाका माझी टोकं साफ करत होते. तारा जोडणं हे त्यांचं काम, आणि डोळ्यावरचं भिंग कधी उतरत नसे म्हणून ते नाव.

"काका, किती वेळ लागेल?"

"तू जितकं कमी बोलशील तितका कमी," काका पुटपुटले. मग त्यांनी वर पाहिलं. "आत कोण आहे तुझं?"

"दादा."

काकांचे हात आणखी भरभर चालू लागले. "मग तिथेच थांब. हलू नकोस. धुळीचा कण पडला तर पुन्हा पहिल्यापासून."

खारूनं श्वासच रोखला. गाल फुगले, चेहरा लाल झाला.

"अगं, श्वास घे! नाहीतर तुझ्यासाठीही खाट मागवावी लागेल."

काकांनी माझी दोन टोकं एका डबीत समोरासमोर ठेवली. ठिणगी उडाली, काच वितळली आणि मी पुन्हा सलग झाले. सांधा शोधूनही सापडू नये असा! त्याच क्षणी त्या मुलाच्या डोक्यातली रेघ न् रेघ उजेड होऊन माझ्यातून गेली. इतकं नाजूक काही मी कधी वाहिलं नव्हतं. थोड्याच वेळात उलट निरोप आला: डाव्या कानाच्या वर, ताबडतोब उघडा.

सकाळी परिचारिका फाटकाशी आली. "दादानं डोळे उघडले गं. विचारत होता, खारू रडली का?"

"नाही म्हणावं," खारू नाक पुसत म्हणाली.

मुकादम खड्डा बुजवायला निघाला होता. खारूनं वाकून पाहिलं. "या दोघी परत एकाच खड्ड्यात?"

"मग काय, दोघींना वेगवेगळे बंगले बांधू?" मुकादम हसला.

"पण यंत्राला दोघी एकदमच सापडल्या ना?"

मुकादमाचं फावडं थांबलं. साहेब घसा खाकरून म्हणाले, "दुसरीला पलीकडच्या गल्लीतून न्यायचं तर सगळा रस्ता नव्यानं आखावा लागेल, बाळ."

मित्रांनो, मी इतकी वर्षं मातीखाली आहे, पण तो प्रश्न मोठ्यांपैकी कुणाला सुचला नव्हता. जे मुकाट्यानं तुमचं काम करतं, त्याच्याकडे ते तुटण्याआधी एकदा वाकून पाहत जा.

खारूनं मात्र साहेबांच्या परवानगीची वाट पाहिली नाही. तिनं भिंगकाकांच्या पेटीतला खडू उचलला, फाटकापाशी उकिडवी बसली, आणि पांढरी रेघ ओढत ओढत पलीकडच्या गल्लीत शिरली.